परदेशात आर्ट शिकणारी पोरं आठवडाभर नेमकं करतात काय?

परभणीतल्या एखाद्या घरात पोरगं म्हणालं की, मला एमबीबीएसला परदेशात जायचंय, तर घरचे आधी फीचा आकडा विचारतात. तेच पोरगं म्हणालं की, मला चित्रकला शिकायला परदेशात जायचंय, तर आकडा कुणी विचारत नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मग एखादे काका विचारतात, "चित्रं काढायला तिकडं कशाला? इथं कागद मिळत नाही का?"

हसू येतं, पण प्रश्न चुकीचा नाही. तीस-चाळीस लाख रुपये घालून पोरगं तिकडं दिवसभर करणार काय, हे घरच्यांना कळायलाच हवं. इंजिनिअरिंगचं निदान माहीत असतं, लेक्चर, प्रॅक्टिकल, परीक्षा. आर्ट कॉलेजचा आठवडा कसा असतो हे मात्र जाणाऱ्या पोरालाही अनेकदा माहीत नसतं. इन्स्टाग्रामवरच्या 'अ वीक इन माय लाइफ' रीलमध्ये कॉफी, म्युझियम आणि पाऊस दिसतो. फी आणि व्हिसाचे नियम दिसत नाहीत.

म्हणून आज हा आठवडा सोमवार ते रविवार उलगडून बघू. शेवटी पैशांचा हिशोबही मांडू.

आधी एक गोंधळ मिटवू: 'कला' म्हणजे कुठली कला?

आपल्याकडं 'कला शाखा' म्हटलं की बीए. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र. चित्र, शिल्प, प्रिंटमेकिंग, टेक्स्टाइल, सिरॅमिक यांच्या शिक्षणाला आपण 'चित्रकला' किंवा 'फाइन आर्ट' म्हणतो, आणि त्याची डिग्री बीएफए, एमएफए. हा फरक नुसता शब्दांचा नाही. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत 'कला' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात फाइन आर्ट बसतं की नाही, हे अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्यावं लागतं.

आपल्यापैकी बहुतेकांची चित्रकलेशी ओळख इलेमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांपुरतीच असते. मीही दोन्ही दिल्या. कशासाठी? तर इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला सात मार्क वाढून मिळतात, बी ला पाच, सी ला तीन. आमच्या वर्गात बॅचच्या बॅच त्या सात मार्कांसाठी बसायची. दहावी झाली की रंगपेटी माळ्यावर.

ज्यांची पेटी माळ्यावर जात नाही त्यांच्यासाठी राज्यात तीन शहरांत शासकीय कला महाविद्यालयं आहेत. मुंबईचं सर जे. जे., नागपूरचं आणि छत्रपती संभाजीनगरचं. परभणीकरांना जवळचं संभाजीनगरचं. जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. इथून बीएफए करून पुढं मास्टर्सला बाहेर जाणं, हा आपल्याकडच्या पोरांसाठी त्यातल्या त्यात परवडणारा रस्ता.

आता समजा, जिंतूर तालुक्यातली एक मुलगी आहे. घरी कापूस-सोयाबीनची शेती. संभाजीनगरला बीएफए केलं आणि आता लंडनमध्ये मास्टर्स करतेय. ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिचा आठवडा तिथल्या साधारण कुठल्याही आर्ट स्टुडंटचा असतो तसाच आहे.

सोमवार: वर्ग नाही, स्टुडिओ

पहिला धक्का इथंच बसतो. आठवड्यातले शिकवण्याचे तास मोजके असतात. बाकीचा वेळ स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे काय, तर मोठ्या हॉलमध्ये प्रत्येकाला मिळालेली एक भिंत आणि एक टेबल. जागा एखाद्या रसवंतीच्या कोपऱ्याएवढी, पण वर्षभर तुमची.

कुणी सांगत नाही की आज हे काढा. आपल्याकडं वस्तुचित्र म्हणजे समोर ठेवलेला तांब्या, स्मरणचित्र म्हणजे 'बाजाराचं दृश्य' असे ठरलेले विषय. तिकडं विषय तुम्ही शोधायचा, आणि तो का शोधला तेही सांगायचं. बरीच पोरं पहिला महिना रिकाम्या भिंतीकडं बघत काढतात.

आपल्या जिंतूरच्या पोरीनं विषय घेतलाय कापूस. आजोबांची दोन जुनी सुती धोतरं तिनं बॅगेत नेलीत. त्यांचं काय करायचं, ते तिला अजून नीट माहीत नाही.

मंगळवार: वर्कशॉप, आणि त्याआधी 'इंडक्शन'

तीस लाखांतले बरेचसे पैसे कुठं जातात, ते मंगळवारी दिसतं. लाकूडकाम, धातूकाम, सिरॅमिकची भट्टी, लिथोग्राफीचे दगड, एचिंगचे प्रेस, स्क्रीन प्रिंटिंग, डार्करूम, लेझर कटर असं सगळं एका इमारतीत. प्रत्येक ठिकाणी टेक्निशियन असतो. आणि खरं सांगायचं तर पोरं प्राध्यापकांइतकंच या टेक्निशियनकडून शिकतात.

पण मशीनला थेट हात लावता येत नाही. आधी इंडक्शन घ्यावं लागतं, म्हणजे ते यंत्र सुरक्षितपणे कसं वापरायचं याचं छोटं प्रशिक्षण. इंडक्शनच्या जागा ऑनलाइन बुक कराव्या लागतात आणि त्या पटापट भरतात. मास्टर्स बहुतेक एकाच वर्षाचं असतं. ज्यानं पहिल्या महिन्यात इंडक्शन घेतली नाहीत, त्याचं अर्धं वर्ष वाट बघण्यात जातं. सीनियर पोरं नव्यांना पहिला सल्ला हाच देतात.

आपली मुलगी मंगळवारी कागद बनवायला शिकतेय. सुती कापडाच्या चिंध्या कुटून, लगदा करून, जाळीवर उचलून हातकागद बनतो. ही पद्धत शेकडो वर्षं जुनी. चांगला वॉटरकलर पेपर आजही कापसाचाच असतो. जिंतूर-मानवतच्या बाजारात कापूस क्विंटलच्या भावानं विकला जाताना तिनं लहानपणापासून पाहिलाय. त्याच कापसाचा कागद होतो, हे मात्र ती पहिल्यांदा हातानं करून बघतेय.

बुधवार: ट्युटोरियल आणि थिअरी

ट्युटोरियल म्हणजे एका शिक्षकासोबत एकट्यानं अर्धा-पाऊण तास बसणं. शिक्षक बहुतेक वेळा स्वतः काम करणारा कलाकार असतो. तो तुमचं चित्र दुरुस्त करत नाही, प्रश्न विचारतो. हे एवढं मोठं का? धोतर कुणाचं? हे समजायला ते माहीत असणं गरजेचं आहे का? शेवटी चार कलाकारांची नावं आणि दोन पुस्तकं सांगतो, ती पुढच्या वेळेपर्यंत बघायची.

दुपारी थिअरी. इथं मराठी माध्यमातून गेलेल्यांची खरी दमछाक होते. प्रवेशासाठी साधारण आयईएलटीएसचा साडेसहाच्या आसपासचा स्कोअर मागतात, तो तयारी करून आणता येतो. पण आपल्या कामाबद्दल इंग्रजीत दोन पानं लिहिणं ही वेगळीच गोष्ट. आर्ट कॉलेजला लिहावं लागणार नाही असं समजून आलेल्यांना निबंध आणि शोधप्रबंध बघून घाम फुटतो.

गुरुवार: 'क्रिट'

आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस. तुमचं काम भिंतीवर लावायचं, दहा-पंधरा वर्गमित्र आणि एक-दोन शिक्षक समोर बसतात आणि त्यावर बोलतात. कधीकधी नियम असतो की ज्याचं काम आहे त्यानं पहिली दहा मिनिटं गप्प बसायचं.

आपल्याकडं चित्र बघून लोक म्हणतात 'छान', 'हुबेहूब'. क्रिटमध्ये 'छान' हा शब्द कुणी वापरत नाही. समोर बसलेली पोरं चीनची, कोरियाची, ब्राझीलची, इंग्लंडची. त्यांना धोतर माहीत नाही, पऱ्हाटी माहीत नाही, कापसाला भाव मिळत नाही म्हणजे काय तेही माहीत नाही. काहींना समोर फक्त एक पांढरा कागद दिसतो.

मग ठरवावं लागतं की किती सांगायचं. सगळं समजावत बसलं तर कलाकृतीपेक्षा भाषण मोठं होतं. काहीच सांगितलं नाही तर कामाची 'इंडियन टेक्स्टाइल' अशी पाटी लावून पुढं जातात. आपण कुठून आलो हे दुसऱ्यासमोर मांडायचं कसं, हे गुरुवारी शिकायला मिळतं. घरी बसून ते सहसा शिकता येत नाही, कारण घरी सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं.

शुक्रवार: म्युझियम, आणि तिथं भेटलेला मराठवाडा

लंडनचा मोठा फायदा म्हणजे नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणजे व्ही अँड ए, या सगळ्यांचे कायमस्वरूपी संग्रह फुकट बघता येतात. व्ही अँड ए शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. पुस्तकात शिक्क्याएवढं पाहिलेलं चित्र समोर भिंतीएवढं दिसतं, रंगाचा थर दिसतो, ब्रशचा फटकारा दिसतो.

याच व्ही अँड ए कडं मराठवाड्याचा एक तुकडा आहे. १८७२ पासून पुढची बरीच वर्षं मुंबईच्या आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे आणि भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करून घ्यायचे. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या. १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या उरलेल्या प्रतिकृती आजही व्ही अँड ए च्या संग्रहात आहेत.

म्हणजे आपल्या आर्ट स्टुडंट्सचं काम दीडशे वर्षांपूर्वीच लंडनला पोचलं होतं. ते विद्यार्थी नव्हते पोचले.

आधी कोण गेलं होतं?

अलिबागजवळच्या सासवणे गावचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ओटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरनं पाहिलं आणि पोराला जे. जे. मध्ये पाठवायची सोय केली. पुढं १९२० मध्ये करमरकर लंडनच्या रॉयल अकादमीत शिकायला गेले. परत येऊन त्यांनी केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिला. सासवण्यातल्या त्यांच्या घरातलं शिल्पसंग्रहालय आजही लोक बघायला जातात.

दुसरं नाव जे. जे. मध्येच शिकलेल्या सय्यद हैदर रझांचं. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि कायमचे परतले ते थेट २०१० मध्ये. एक परत येऊन इथं काम करत राहिला, एक साठ वर्षं तिकडं राहिला. दोन्ही रस्ते तेव्हाही होते, आजही आहेत. दोघांमध्ये एक गोष्ट मात्र सारखी होती. जाण्याआधी दोघांचाही हात इथं तयार झाला होता.

शनिवार: कॅफेची शिफ्ट आणि व्हिसाचा एक नियम

ब्रिटनमध्ये डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. मास्टर्सचा उन्हाळाही बहुतेक ठिकाणी टर्ममध्येच धरतात, कारण शेवटचा प्रोजेक्ट तेव्हा चालू असतो. म्हणून शनिवार-रविवार कॅफेत, दुकानात, गोदामात शिफ्ट.

आता आर्टवाल्यांनी नीट वाचावा असा नियम. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स काम करता येत नाही. इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन पोर्ट्रेट काढून देणं, लोगो करून देणं, हे इथं परभणीत बसून आपण सहज करतो. तिकडं ते व्हिसाच्या अटी मोडणं ठरू शकतं. म्हणजे जी कला शिकायला गेलात, नेमकं तिच्यावरच स्वतंत्रपणे कमावता येत नाही, पण कॉफी बनवून कमावता येतं. विचित्र आहे, पण आहे. मोडलं तर व्हिसा धोक्यात येतो.

मग हिशोब काय?

लंडनच्या मोठ्या आर्ट कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याची मास्टर्सची फी साधारण २८ ते ४० हजार पाऊंड. पाऊंड ११५ रुपये धरला तर ३२ ते ४६ लाख रुपये. व्हिसासाठी लंडनमधल्या राहण्याखाण्याचे महिन्याला सुमारे दीड हजार पाऊंड, असे नऊ महिन्यांचे पैसे खात्यावर सलग २८ दिवस दाखवावे लागतात. ते झाले साधारण साडेपंधरा लाख. वर वर्षाला ७७६ पाऊंडांचा आरोग्य अधिभार, टीबी टेस्ट, विमान, रंग, कॅनव्हास.

कमाई किती? एप्रिल २०२५ च्या किमान वेतनानं, म्हणजे तासाला १२.२१ पाऊंडांनी, २० तासांचे आठवड्याला २४४ पाऊंड. महिन्याला साधारण हजार. म्हणजे पूर्ण २० तास मिळाले तरी खर्चाचे दोन तृतीयांश निघतात. फीला त्यातला एक रुपया लागत नाही. 'तिकडं पार्टटाइम करून फी फेडीन' हे वाक्य घरी सांगण्याआधी हे गणित एकदा करा.

शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये सध्या दोन वर्षं थांबून काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना मात्र १८ महिनेच मिळणार आहेत. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना त्यावर आणखी २४ महिने मिळतात, फाइन आर्टला ते मिळत नाहीत. इंजिनिअर चुलत भावाचा हिशोब आर्टवाल्याला लागू पडत नाही, तो इथं.

कर्ज काढायचं तर?

इथं परभणीची खरी अडचण सुरू होते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. आपल्याकडं तारणाला काय असतं? शेत. पण थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. हा कायदा शेतकऱ्याचं रक्षण करतो, ते चांगलंच आहे. पण त्यामुळंच बँका शिक्षण कर्जासाठी शेत तारण घ्यायला सहसा तयार नसतात, त्यांना बिगरशेती प्लॉट किंवा शहरातलं घर हवं असतं. दहा एकराचा मालक रांगेतून परत येतो आणि शहरात एक फ्लॅट असलेल्याचं काम होतं. मग खाजगी वित्तसंस्थांचं महाग कर्ज, नाहीतर शेत विकणं. शेत विकून आर्ट शिकायला जाऊ नका, एवढं मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते.

शिष्यवृत्तीचं काय?

राज्य सरकारची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत, मराठा समाजासाठी सारथीची आहे. यात विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. आर्टवाली पोरं अडकतात ती इथं.

क्यूएसच्या दोन याद्या असतात. एक संपूर्ण विद्यापीठांची, दुसरी विषयानुसार. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट 'आर्ट अँड डिझाइन' या विषयात २०१५ पासून जगात पहिलं आहे. पण ते फक्त कला आणि डिझाइन शिकवतं, त्यामुळं संपूर्ण विद्यापीठांच्या यादीत ते नसतंच. म्हणजे विषयात पहिल्या नंबरचं कॉलेज फॉर्मवर अपात्र ठरू शकतं. उलट लंडनचंच स्लेड स्कूल ऑफ फाइन आर्ट हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा भाग आहे, आणि ते विद्यापीठ जागतिक यादीत अगदी वर असतं. म्हणून शिष्यवृत्ती हवी असेल तर मोठ्या विद्यापीठाच्या आत असलेलं आर्ट स्कूल आधी शोधा.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताबद्दलचा समाजअभ्यास हे विषय वगळलेत. अजिंठ्यावर तिकडं संशोधन करायचं असेल तर ही वाट बंद समजा.

खाजगीत इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन कलेच्या विद्यार्थ्यांना मदत करतं. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. छोट्या मुदतीच्या कामासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे.

आणि फक्त लंडनच का? जर्मनीतल्या बहुतेक सरकारी कला अकादम्यांमध्ये शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो लागतात. राहण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे साधारण बारा लाख. अट एकच, जर्मन भाषा शिकावी लागते, आणि पोर्टफोलिओ म्हणजे 'मापे' बघून फार थोड्यांना घेतात.

जायचं असेल तर आज काय करायचं?

वहीपासून सुरुवात करा. आपल्या परीक्षांनी आपल्याला स्वच्छ, पूर्ण झालेलं चित्र द्यायला शिकवलंय. तिकडचे प्रवेश बघणारे लोक स्केचबुक मागतात. खाडाखोड, फसलेले प्रयोग, कडेला लिहिलेल्या नोंदी. त्यांना तुमचा हात बघायचा असतोच, पण डोकं कसं चालतं ते जास्त बघायचं असतं. किमान वर्षभर आधी हे काम सुरू करा. तुमच्या गावातलं काहीतरी घ्या. चारठाण्याची मंदिरं, येलदरीचं पाणी, मोंढ्यातली बोली. पुण्या-मुंबईच्या पोरांकडं ते नसतं.

रविवार: कपडे, भाकरी आणि फोन

रविवारी मशीनला कपडे, आठवड्याची भाजी, आणि घरी फोन. हिवाळ्यात लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजले की जिंतूरला दुपारचे अडीच. आई विचारते जेवलीस का. वडील विचारतात शिकवतात का नीट. ती सांगते, या आठवड्यात आजोबांच्या धोतराचा कागद केला. पलीकडं दोन सेकंद शांतता. मग वडील विचारतात, "कागद? त्यावर लिहिता येतंय का?"

येतं. आणि ते काका आठवतात ना, 'इथं कागद मिळत नाही का' म्हणणारे? त्यांना सांगा, कागद इथंही मिळतो. तिकडं वर्षभर एक भिंत मिळते, यंत्रं मिळतात आणि तुम्हाला न ओळखणारी पंधरा माणसं समोर बसून विचारतात की हे तू का केलंस. त्या प्रश्नाची किंमत तीस लाख आहे का, हे प्रत्येक घरानं आपल्या वहीत मांडून ठरवायचं. फक्त ठरवताना समोर रील नको, हा हिशोब असू द्या.